मेलेल्या माकडाची खबर

१९५७ साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात वानरं-माकडं पटापट मरू लागली. आसपासच्या गावांतली माणसंही तापाने फणफणली. पहिला संशय पिवळ्या तापावर गेला. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राला मात्र सापडला नवाच विषाणू, आणि त्याचे भाऊबंद निघाले थेट रशियात, तिथल्या गोचिडींतून पसरणाऱ्या मेंदूज्वराचे विषाणू!

आपण त्याला माकडताप म्हणतो. पण माकड यात माणसासारखंच बळी पडतं. खरी करामत गोचिडीची. ती आयुष्यात तीनदाच रक्त पिते, दर वेळी नव्या जनावराचं. अंड्यातून निघालेलं सहा पायांचं पिल्लू उंदीर, पाखरू नाहीतर माकड गाठतं. त्या रक्तातून विषाणू आला, की पिल्लाने कात टाकून आठ पाय मिळवले तरी तो अंगात टिकतो. मग टाचणीच्या डोक्याएवढं हे पिल्लू पातेऱ्यात दबा धरतं आणि पाय पडला की वर चढतं.

पूर्ण वाढलेल्या गोचिडीला मात्र मोठं जनावर लागतं, आणि इथेच गाय येते. गुरांना माकडताप होत नाही. पुढच्या गोचिडीला लागण व्हावी इतका विषाणू त्यांच्या रक्तात वाढतच नाही. पण त्यांच्यावर पोसलेली मादी रानात गळून पडते आणि हजारो अंडी घालते. स्वतः विषाणू न वाहता गाय साथीला हातभार लावते! जंगल तोडून शेती केली, उरल्या रानात गुरं सोडली, की उंदीर, माकडं, गुरं आणि माणसं एकाच पायवाटेवर येतात. कोलंबियाचे शास्त्रज्ञ होर्हे बोशेल यांनी हा धागा १९६०च्या दशकातच जोडला होता.

बरीच वर्षं हा ताप शिमोगा आणि शेजारच्या जिल्ह्यांतच राहिला. २०१५मध्ये तो गोव्याच्या सत्तरीत दिसला, २०१६मध्ये आपल्या महाराष्ट्रातल्या दोडामार्गात. डिसेंबर ते मे हा आठ पायांच्या पिल्लांच्या जोराचा काळ. काजू वेचायचा आणि पातेरा गोळा करायचा हंगामही नेमका हाच.

माकड मेलं की गार पडलेल्या देहावरून गोचिडी उतरून आसपास पसरतात. म्हणून मेलेल्या माकडाला हात लावायचा नाही. आधी आरोग्य केंद्राला कळवायचं. मग भोवतीच्या ५० फुटांत गोचीडनाशक टाकता येतं. माणसं आजारी पडण्याआधी रान देतं तो इशारा म्हणजे हे मेलेलं माकड.