तीन शेख हुसेन

मुलीच्या ओबीसी दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीची नोंद हवी. अकोल्याकडच्या आमच्या गावाच्या कोतवाल बुकात दादांचा जन्म शोधला, तर बाप 'शेख हुसेन' असलेले तिघे! बाळाचे नाव नाही, नुसते 'मुलगा'. जनगणनेची घरोघरची पत्रके १९४८ च्या कायद्याने पुरावा ठरत नाहीत. मग 'वल्द' पाहिले. एक गळाला, दोघे शेख चांदचेच. एकाची जात 'पिंजारी', दुसऱ्याची नुसती 'मुसलमान'. सोयीची नोंद आपली म्हणायची? दिल मानेना. शेवटी अमरावतीच्या शाळेतले दाखल-खारीज रजिस्टर काढले. दादांची जन्मतारीख पिंजाऱ्याच्याच नोंदीशी जुळली. फुफी हसल्या, "मला विचारायचं ना! त्यांची पिंजण अजून माळ्यावर आहे."