तिसऱ्या टप्प्यातले वाचक

२०२५ च्या ऑगस्टमध्ये, नाक्यावरची दहीहंडी फुटून दोन-चार दिवस झाले असतील, दिल्ली उच्च न्यायालयाने साय-हब आणि लिबजेन ही संकेतस्थळे भारतात बंद करायला सांगितली. शोधनिबंध आणि पुस्तके दमडी न मोजता मिळायची ती ही ठिकाणे. एल्सेव्हियर, वायली आणि अमेरिकन केमिकल सोसायटी या प्रकाशकांनी २०२० साली लावलेल्या दाव्यातला हा आदेश. चोरी ती चोरीच, तिची वकिली मी करणार नाही. माझी तक्रार आहे ती त्याच वर्षीच्या १ जानेवारीबद्दल. त्या दिवशी केंद्राची ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना सुरू झाली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, १३,००० च्या आसपास नियतकालिके. दार चांगले ऐसपैस आहे. आत शिरायला मात्र सरकारी विद्यापीठाचे, महाविद्यालयाचे नाहीतर संशोधन संस्थेचे ओळखपत्र लागते. माझ्याकडे ज्येष्ठ नागरिकाचे आहे.

ठाण्याच्या टेंभी नाक्यावर राहून गावच्या इतिहासावर चार ओळी खरडणाऱ्या माणसाला इतके लागतेच कशाला, असे घरातही विचारतात. म्हणून हा मागोवा.

ठाण्याला कागद जपायची खोड जुनी आहे. ‘अरुणोदय’ हे पत्र इथून १८६६ साली निघाले, आणि १ जून १८९३ रोजी विनायक लक्ष्मण भावे आणि त्यांच्या मंडळींनी मराठी ग्रंथसंग्रहालय काढले. हेच ते ‘महाराष्ट्र सारस्वत’वाले भावे; जुन्या पोथ्यांच्या मागे हयात घालवलेला माणूस. त्यानंतरची शंभरेक वर्षे मी एका वाक्यात उरकतो, कारण बाहेरच्या वाचकाच्या दृष्टीने त्यांत फारसे काही हलले नाही. कपाट, कपाटाला कुलूप, किल्ली ज्यांच्याकडे ते साहेब रजेवर. मुंबईतल्या एका नावाजलेल्या संस्थेत मी एक अहवाल पाहायला गेलो, तर ‘गाइडचे पत्र आणा’ म्हणाले. गाइड नाही म्हटल्यावर ‘मग तुम्ही संशोधन कसले करता?’ हा प्रश्न आला. सरळ होता. उत्तर देता आले नाही म्हणून नव्हे, विचारण्याच्या सुरामुळे तो अजून लक्षात आहे.

आणि मग आमचे दशक आले.

२००३ च्या सप्टेंबरात राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ सुरू झाली. मूळ कल्पना अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाचे राज रेड्डी यांची: दहा लाख पुस्तके स्कॅन करायची आणि जगाला फुकट वाचायला द्यायची. बंगळुरूची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स, हैदराबादची ट्रिपल आयटी, सी-डॅक अशी भारदस्त मंडळी कामाला लागलेली. आमच्या नाक्यापर्यंत हे सगळे पोचले ते बऱ्याच उशिरा, एका स्नेह्याने बसच्या तिकिटामागे लिहून दिलेल्या पत्त्याच्या रूपाने.

जे उघडले ते बघून हसावे की रडावे कळेना. मराठी पुस्तकांची नावे रोमन लिपीत, आणि ती रोमनही कुण्या यंत्राने ठरवलेली: प्रत्येक दीर्घ स्वराला दोन-दोन अक्षरे, ट आणि ड यांच्या डोक्यावर स्वल्पविरामासारखी खूण, अनुस्वाराची तीच गत. ‘महाराष्ट्र’ शोधायचे तर आधी त्या कारकुनाच्या मनात शिरायचे. लेखकाच्या जागी प्रकाशक, प्रकाशकाच्या जागी ‘उपलब्ध नाही’, सालाच्या जागी भलतेच काहीतरी. पाने गाळलेली, पाने दोनदा आलेली, मधेच स्कॅन करणाऱ्याचा अंगठा. पुस्तक एकसंध उतरवण्याची सोय नव्हती. प्रत्येक पान ही एक वेगळी टिफ फाइल, आणि ती दिसायला ब्राउजरमध्ये आणखी काहीतरी घालावे लागे. पुढे कुणा हौशी पोरांनी पानापाठोपाठ पान आपोआप ओढून घेणारी प्रणाली लिहिली आणि वाटली. त्या पोरांना साहित्य संस्कृतीतले सगळे पुरस्कार द्यावेत असे माझे तेव्हा मत होते, अजूनही आहे.

टेलिफोनवाल्यांची रात्री बारानंतर मीटर न चालणारी योजना होती. बारा वाजता यंत्र लावून झोपायचे, सकाळी उठून किती पाने आली ते पाहायचे. नवरात्रात तर पर्वणीच. आनंद दिघ्यांनी सुरू केलेला देवीचा उत्सव, सगळे ठाणे नाक्यावर लोटलेले, रस्ते बंद, कुणी कुणाकडे जायची सोय नाही. खाली भोंगे आणि वर मी, एकोणिसाव्या शतकातली पाने मोजत.

असल्याच एका रात्री ‘एशियाटिक रिसर्चेस’चा पहिला खंड हाती लागला, कलकत्त्याला १७८८ साली छापलेला. त्यात जनरल कार्नॅकने पाठवलेल्या एका दानपत्राचे भाषांतर आहे, रामलोचन पंडितांनी अर्थ लावून दिलेले. ते ताम्रपट १७८७ साली ठाण्याच्या किल्ल्यात पाया खणताना निघाले. शिलाहार राजा अरिकेसरीचे दान, शके ९३९. हा किल्ला म्हणजे आजचे मध्यवर्ती कारागृह, माझ्या घरापासून रमतगमत गेले तरी फार लांब नाही. ज्या भिंतीवरून लहानपणापासून जा-ये केली, तिच्या खालून निघालेल्या ताम्रपटाची गोष्ट मला कलकत्ता, बंगळुरू आणि टेलिफोनची तार असा वळसा घालून कळली. शाळेत कुणी सांगितली नव्हती. जेम्स कॅम्पबेलच्या ठाणे गॅझेटियरचे १८८२ चे खंडही तेव्हाच घरी आले. तोपर्यंत ते मी दुसऱ्यांच्या तळटीपांतच पाहिले होते.

दुसरा धक्का गोड होता. उतरवलेल्या जुन्या मराठी पुस्तकांच्या पहिल्याच पानावर ओळखीचा शिक्का दिसू लागला: ‘मराठी ग्रंथसंग्रहालय, ठाणे. स्थळप्रत.’ जी प्रत इमारतीच्या बाहेर नेता येत नाही ती न्यू जर्सीतला माझा भाचा पलंगावर लोळत वाचत होता. ठाणेकरांनी शतकभर वर्गण्या भरून, वाळवी झाडून, बाइंडिंगे करून जपलेली पुस्तके या देशव्यापी कोठारातल्या मराठी विभागाचा कणा झाली. याबद्दल ठाण्यात एक फलक तरी लागायला हवा होता. आमच्याकडे फलक कशाकशाचे लागतात ते नाक्यावर येऊन पाहावे.

त्या वर्षांत आमची एक सैलशी टोळी होती. एक निवृत्त शिक्षक, एक औषध कंपनीतले विक्रेते, डोंबिवलीचे एक रेल्वे कर्मचारी, कल्याणचा मोडी शिकणारा एक मुलगा. कुणाचीच पीएचडी नाही. कुणी काय उतरवले त्याची यादी वहीत, आणि सीड्यांची देवाणघेवाण स्टेशनवरच्या पुलाखाली. तेव्हा एका चर्चासत्रात मी या कोठारातला संदर्भ दिला, तर व्यासपीठावरचे प्राध्यापक म्हणाले, ‘इंटरनेटवरचा संदर्भ आम्ही धरत नाही.’ काही वर्षांनी त्यांच्याच ग्रंथाच्या संदर्भसूचीत मला ओळखीचे पुस्तक भेटले; गाळलेली पाने जिथे होती, नेमका तिथेच युक्तिवाद तोकडा पडलेला. मी पत्र लिहिले नाही. इथे लिहिले, पुरे.

त्याच दशकात ‘शोधगंगा’ आली. १ जून २००९ च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमावलीने पीएचडीच्या प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत सक्तीची केली आणि गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटने ते प्रबंध सर्वांसाठी खुले ठेवायला सुरुवात केली. या एका निर्णयाबद्दल मी सरकारचे शंभर गुन्हे माफ करतो. ठाणे खाडीतले जड धातू, भिवंडीचे यंत्रमाग, वारली चित्रे, आगरी बोली, सगळे एका छपराखाली आणि गाइडच्या पत्राशिवाय. कुरकुरीही आहेत. प्रत्येक प्रकरण ही वेगळी फाइल, तेव्हा एक प्रबंध म्हणजे डझनभर खेपा. मराठी प्रबंध जुन्या फॉण्टांत टंकलेले असतील तर मजकुरात शब्द शोधता येत नाही. संगणकाला ती नुसती चिन्हांची खिचडी. आणि ठाणे जिल्ह्यावरचे प्रबंध ओळीने उघडून बघा. सुरुवातीचा ‘जिल्ह्याचा भौगोलिक परिचय’ बहुतेकांत एकाच विहिरीतून शेंदलेला. २०१४ च्या ऑगस्टमध्ये पालघर वेगळा झाला, तरी काहींचा जिल्हा आपला तलासरीपर्यंत पसरलेला. लपवलेल्या प्रबंधाचे हे बिंग कधी फुटले नसते. खुले ठेवले म्हणून फुटले, हाच त्याचा फायदा.

पुढचे सगळे भराभर सांगतो, कारण त्यात आमचा वाटा कमी कमी होत गेला. कॉपीराइटच्या तक्रारी आल्या आणि २०१६-१७ च्या सुमारास डिजिटल लायब्ररीचा तो जुना पत्ता उघडेनासा झाला. जिवंत लेखकांची पुस्तके बेधडक चढवली होती, तेव्हा तक्रार खरीच होती. पण शंभर वर्षांपूर्वीच्या पुस्तकांनी काय केले होते? कार्ल मालमुद नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी साडेचार लाखांच्या आसपास पुस्तके आधीच इंटरनेट अर्काइव्हवर उतरवून ठेवली होती, म्हणून ठाण्याचा तो शिक्का आजही दिसतो. भारत सरकारच्या पैशाने स्कॅन झालेली ठाण्याची पुस्तके सॅन फ्रान्सिस्कोच्या भरवशावर वाचली. त्या अर्काइव्हवरही २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये सायबर हल्ला झाला आणि ते काही दिवस बंद होते. तेव्हा टोळीतल्या उरलेल्यांचे एकमेकांना फोन झाले: तुझ्याकडच्या सीड्या चालतात का? माझ्याकडच्या बऱ्याच चालत नव्हत्या. त्यांना बुरशी आली होती.

२०१८ च्या जूनमध्ये खरगपूरच्या आयआयटीने उभारलेली ‘नॅशनल डिजिटल लायब्ररी’ राष्ट्राला अर्पण झाली. नोंदी नीटनेटक्या, देवनागरी धड, विषयवारी चोख. शोधले की पुस्तक सापडते, आणि पुष्कळदा पुढे कळते की ते वाचायला आणखी कुणाचे तरी सदस्यत्व हवे. आमची जुनी, गबाळी लायब्ररी पुस्तक सापडू देत नव्हती. सापडले की मात्र देऊन टाकायची.

सरकारला जमत नाही असे म्हणायचीही सोय नाही. २०२३ च्या शेवटी मराठा आरक्षणासाठी नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी कुणबी नोंदी शोधायच्या होत्या, तेव्हा काय धडाका होता! १९६७ पूर्वीची कोतवाल बुके, गाव नमुना १४, शाळांची रजिस्टरे तहसिलांच्या अडगळीतून बाहेर आली, मोडी वाचणाऱ्यांना बोलावणी गेली आणि जिल्ह्याजिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर तालुका-गाववार पाने चढली. वर्षानुवर्षे ‘मनुष्यबळ नाही’ ऐकलेल्या आम्हा लोकांना ते बघताना काय वाटले असेल? कल्याणचा तो मोडीवाला मुलगा, आता चाळिशीचा, त्या महिन्यांत प्रथमच आपल्या विद्येवर चार पैसे मिळवत होता. कामाचा हेतू राजकीय होता, असू दे. पाने उघडी झाली. त्यांत जन्ममृत्यू आहेत, गावेच्या गावे आहेत, आणि एका शब्दापलीकडे त्यांत काय आहे ते बघायला अजून कुणी बसलेले नाही.

आता पुन्हा त्या ६,००० कोटींकडे. योजनेचा पहिला टप्पा सरकारी संस्थांचा, दुसरा खासगी शिक्षणसंस्थांचा. सार्वजनिक ग्रंथालयांतून सर्व नागरिकांना वाचू देण्याची गोष्ट तिसऱ्या टप्प्यात आहे. म्हणजे पैसे पहिल्या दिवसापासून आमचे आणि नंबर शेवटचा. महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्याखाली मान्यता मिळालेली अकरा हजारांवर सार्वजनिक ग्रंथालये आहेत. सगळ्यांना एकदम द्या असे म्हणत नाही. प्रत्येक जिल्ह्यात एका ग्रंथालयात, एका टेबलावर, एका संगणकाला ती जोडणी द्या; छापील प्रत नको, घरी न्यायला नको, तिथे बसून वाचू. उच्च शिक्षण खात्याला आणि ग्रंथालय संचालनालयाला एवढीच विनंती आहे की तिसऱ्या टप्प्याची वाट न बघता सुरुवात ठाण्यापासून करावी. स्थळप्रती सगळ्या देशाला उघड्या करून या गावाने आपला हप्ता आगाऊ भरलेला आहे.