पोराच्या आजारपणाचा खर्च कोण उचलतं?

अमेरिकेत 1997 साली खास मुलांसाठी एक सरकारी विमा सुरू झाला. गरिबांच्या योजनेत बसत नाही आणि खासगी विम्याचा हप्ता झेपत नाही, अशा मधल्या कष्टकरी घरांतली पोरं हेरून केलेली ती सोय होती. आपल्याकडे मुलांसाठी अशी वेगळी योजना नाही. जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये भट्टीवर काम करणाऱ्याचं, मंठ्याहून कोयता घेऊन ऊसतोडीला निघणाऱ्याचं किंवा कापूस वेचून पोट भरणाऱ्याचं मूल आजारी पडलं, तर त्याचा विमा मुख्यतः घराच्या रेशनकार्डातून येतो. कार्ड कुटुंबाचं आणि विमाही कुटुंबाचाच. सोय साधी आहे, पण सगळी अडचणही तिथेच आहे.

आधी योजना पाहू. 2 जुलै 2012 रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना राज्यातल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यात जालना नव्हता. आपली पाळी 21 नोव्हेंबर 2013 रोजी आली. 2017 मध्ये योजनेला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं आणि 1 एप्रिल 2020 पासून केंद्राची आयुष्मान भारत योजना तिच्याशी जोडली गेली. त्या वेळी आरोग्यमंत्री आपल्या घनसावंगीचेच होते, राजेश टोपे. सुरुवातीला कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचं संरक्षण होतं. 28 जुलै 2023 च्या शासन निर्णयाने ते पाच लाखांवर गेलं, उपचारांची संख्या 1356 झाली आणि पिवळं, केशरी, पांढरं असा कार्डाचा भेदही गेला. त्याआधी पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्याला सातबारा जोडून आत यावं लागे. ही सवलत आत्महत्याग्रस्त चौदा जिल्ह्यांपुरतीच होती आणि जालना त्यांपैकी एक.

पाच लाख हे साऱ्या घराचे आहेत. आजोबांच्या शस्त्रक्रियेला तीन लाख गेले, तर त्या वर्षात पोरासाठी दोन उरतात. मात्र घरात माणसं किती, यावर मर्यादा नाही.

आता एक मूल डोळ्यांसमोर आणा. समजा, अंबड तालुक्यातल्या एका अंगणवाडीतली चार वर्षांची मुलगी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक गाडीने गावात येतं. हा कार्यक्रम देशात 6 फेब्रुवारी 2013 रोजी आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. पथकात आयुष शाखेचे दोन डॉक्टर, एक औषधनिर्माता आणि एक परिचारिका अशी रचना आहे. अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा आणि शाळेतल्या मुलांची एकदा तपासणी व्हायला हवी. जन्मतः असलेलं व्यंग, पोषणातली कमतरता, आजार आणि वाढीतला विलंब, या चार गोष्टी पथक शोधतं. वय शून्य ते अठरा. मुलीच्या ठोक्यांत वेगळा आवाज येतो, म्हणून डॉक्टर तिला पुढच्या तपासणीसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवतात. टू-डी इको होते आणि हृदयाला छिद्र असल्याचं कळतं. इथवर खर्च शून्य. अंगणवाडीताई ज्या दिवशी ‘उद्या गाडी येणार आहे’ म्हणते, त्या दिवशी पोराला शेतात नेऊ नये, ते याचसाठी.

शस्त्रक्रिया योजनेच्या यादीतल्या, म्हणजे अंगीकृत, रुग्णालयात होते. ते सरकारी असेल किंवा खासगी, संभाजीनगरात असेल किंवा पुण्या-मुंबईत. राज्यात कुठेही चालतं. दारातून आत गेल्यावर आरोग्यमित्राचा कक्ष शोधायचा. आरोग्यमित्र रेशनकार्ड आणि ओळखीचा पुरावा पाहून नोंद करतो. डॉक्टर तपासतात, रिपोर्टसह मंजुरीचा अर्ज ऑनलाइन पाठवतात, मंजुरी आली की शस्त्रक्रिया. तातडीची वेळ असेल तर फोनवर कळवून उपचार आधी सुरू होतात, कागद मागून येतात. खाट, शस्त्रक्रिया, औषधं, तपासण्या, रुग्णाचं जेवण, घरी परतण्याचं एसटीचं भाडं आणि सुट्टीनंतर दहा दिवसांपर्यंतची औषधं-तपासणी, हे सगळं ठरलेल्या दरात धरलेलं असतं. त्यामुळे मंजूर उपचारासाठी ‘एवढं बाहेरून आणा’ असं कोणी म्हटलं, तर पैसे काढण्याआधी तिथूनच योजनेच्या 155388 या क्रमांकावर फोन लावावा. आणखी एक लक्षात ठेवा: 1356 पैकी 119 उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव ठेवले होते. खासगीने ‘हे आमच्याकडे बसत नाही’ म्हटलं की ते दरवेळी टाळतायत, असं नाही.

खरी गाडी अडते ती नावावर. आईबापांचं नाव कार्डावर असतं, थोरल्याचं असतं. धाकटीचं चढवायचं राहून गेलेलं असतं. रेशनचं धान्य कसंबसं पुरतं, म्हणून कोणी तहसीलला हेलपाटा घालत नाही. अगदी लहान बाळासाठी जन्मदाखला आणि आई किंवा वडिलांसोबतचा बाळाचा फोटो कार्डाबरोबर दाखवून काम होण्याची तरतूद आहे. पण ती तातडीपुरती वाट समजावी. सरळ रस्ता असा: जन्म एकवीस दिवसांच्या आत नोंदवायचा, तेव्हा पैसे लागत नाहीत. नोंद जिथे जन्म झाला तिथेच होते. पुष्कळदा दाखल्यात बाळाच्या नावाची जागा कोरीच असते, कारण बारसं नंतर होतं. वर्षाच्या आत ते नाव विनाशुल्क घालून मिळतं. मग आधार काढायचं (पाच वर्षांखालच्या मुलाच्या बोटांचे ठसे लागत नाहीत) आणि तहसीलच्या पुरवठा विभागात कार्डावर नाव चढवायचं. तिन्ही कागदांवर स्पेलिंग एकच हवं. हा शेवटचा मुद्दा किरकोळ वाटतो, पण संगणकाला ‘साईनाथ’ आणि ‘सायनाथ’ हे दोन वेगळे मुलगे दिसतात.

मिलमधल्या कामगाराला दुसरंही एक दार आहे, कर्मचारी राज्य विम्याचं, म्हणजे ईएसआयचं. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात दरमहा 21,000 रुपयांपर्यंत पगार असणाऱ्याला ते लागू आहे. पगाराच्या पाऊण टक्का कामगाराचा आणि सव्वातीन टक्के मालकाचे. 14,000 पगार असेल तर आपले कापले जातात 105 रुपये आणि मालक भरतो 455. या पैशांत बायकोपोरांचे उपचार येतात, साध्या तापाखोकल्याचेही. कामावर लागल्या दिवसापासून तो हक्क असतो. पण इथेही मुलाचं नाव विमाधारकाच्या नोंदीत घातलेलं असावं लागतं, आणि ठेकेदाराकडून लागलेल्या माणसाने आपल्याला विमा क्रमांक मिळाला आहे का, हे आधी विचारावं. पगारातून कापलं जातं म्हणजे भरलं जातंच, असं धरून चालू नये.

साधा ताप-खोकला मुद्दाम लिहिला, कारण फुले योजनेचा मोठा उणेपणा तोच आहे. ती भरती झालेल्या आणि यादीत बसणाऱ्या आजाराला धावून येते. मुलांची बहुतेक दुखणी मात्र दाखल न होता बरी होणारी असतात: जुलाब, कान फुटणं, खरूज. कष्टकऱ्याचा खिसा रिकामा होतो तो या दोनशे-पाचशेच्या चिठ्ठ्यांनी, आणि विम्याच्या आकड्यात त्या कुठेच दिसत नाहीत. त्यांच्यासाठी सरकारी दवाखानाच आधार. 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत तपासणी आणि उपचार मोफत आहेत, केसपेपरचे पैसेही नाहीत. वर्षाच्या आतल्या आजारी बाळाला तर जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली औषधं आणि नेण्या-आणण्याची गाडीही मोफत मिळते. पाच लाखांची जाहिरात जितकी झाली, तितकी या सोयीची झाली नाही. माझ्या मते लहान मुलांच्या घराला तिचाच उपयोग जास्त.

दसऱ्यानंतर घनसावंगी, अंबड, परतूर, मंठ्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि थेट उन्हाळ्यातच परततात. मूल फडावर आजारी पडलं आणि कार्ड गावी पेटीत राहिलं, तर नाव चढलेलं असूनही ऐन वेळी शोधाशोध होते. म्हणून निघण्याआधी पुरवठा विभागातलं काम उरकून घ्या, आणि रेशनकार्ड, मुलांचे दाखले व आधार सोबत ठेवा. त्यांचा फोटोही मोबाइलमध्ये असू द्या.