सही चालते आहे तोवर

एडवणसारख्या पालघरच्या किनारी गावांत एका सातबाऱ्यावर तीन-चार भावंडांची नावं असणं नवं नाही. पोरं नोकरीसाठी बोईसर-तारापूरला नाहीतर मुंबईला, वाडी आणि कागदपत्रं म्हाताऱ्यांच्या हाती. अशा घरातले आजोबा ओळखीची वाट चुकू लागले, काढलेली पेन्शन विसरू लागले, की घरचे ‘वयाचं आहे’ म्हणून सोडून देतात. पुढे जमिनीचा व्यवहार निघाला की कुणीतरी सुचवतं, ‘मुखत्यारपत्र करून ठेवा, मग काळजी नाही.’

हा सल्ला ऐन गरजेच्या वेळी दगा देतो. १८७२ च्या करार कायद्याचं कलम २०१ सांगतं, की मुखत्यारपत्र देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की तो अधिकारही संपतो. इंग्लंड-वेल्समध्ये २००५ च्या कायद्याने क्षमता गेल्यावरही टिकणारं मुखत्यारपत्र करता येतं. आपल्याकडे तशी सोय नाही.

आणि हा प्रश्न मूठभर घरांचा नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार साठीपुढच्या ७.४ टक्के भारतीयांना, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना, डिमेन्शिया आहे.

मग आजार बळावल्यावर करायचं काय? २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात उपचारांसाठी आपला प्रतिनिधी आधीच नेमता येतो. पण मालमत्तेसाठी पालक नेमण्याची जी तरतूद १९८७ च्या जुन्या कायद्यात होती, ती नव्यात नाही. म्हणून नातेवाइकांना उच्च न्यायालय गाठावं लागतं. मुंबई उच्च न्यायालयाने २०२० मध्ये कोमात असलेल्या एका गृहस्थांच्या पत्नीला त्यांची पालक नेमलं. स्मृतिभ्रंश झालेल्यांची मुलंही हीच वाट धरतात. वैद्यकीय अहवाल, वकील, तारखा, सगळं आलंच.

मृत्युपत्र मात्र वेळेवर करता येतं. निदान झालं म्हणजे हक्क गेला, असं नाही. सही करताना आपण काय करतो आहोत हे कळत असलं पाहिजे, आणि दोन साक्षीदार हवेत. नोंदणी सक्तीची नाही, तरी केलेली बरी : दुय्यम निबंधकासमोर फोटो निघतो, अंगठा उमटतो. त्याच दिवसाचा डॉक्टरांचा दाखला जोडला, तर पुढे ‘तेव्हा त्यांना काही कळत नव्हतं’ म्हणणाऱ्याला उत्तर तयार असतं.

बँकेत नॉमिनी लावला की झालं, हाही गैरसमजच. ‘कालनिर्णय’कार जयंत साळगावकर २०१३ मध्ये वारले. त्यांच्या मृत्युपत्रावरून निघालेल्या वादात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केलं, की नॉमिनी मालक होत नाही, वारसांचा हक्क कायम राहतो.

हयातीतच वाडी मुलाच्या नावे करायची, तर ‘सांभाळ करीन’ ही अट बक्षीसपत्रात लिहून घ्यावी. मुलाने ती मोडली तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली व्यवहार रद्द करून मागता येतो.

विस्मरणाची पहिली शंका आली, की त्याच आठवड्यात डॉक्टर आणि वकील दोघांकडे जावं. सोबत सातबारा, पासबुकं, विम्याचे कागद आणि भावंडांच्या नावांची यादी न्यावी. वाडी कुणी बघायची आणि पैसा कुणी सांभाळायचा, हे मुलांनी आपसात ठरवण्याआधी आजोबांना विचारावं.