सेगाव, शेगाव आणि आजोबांचा दाखला

सेवाग्राम हे नाव टपालाच्या गोंधळातून आले, हे इथे येणाऱ्या पाहुण्यांना सहसा ठाऊक नसते. गावाचे मूळ नाव सेगाव. १९३६ साली गांधीजी येथे राहायला आले आणि त्यांची पत्रे बुलडाणा जिल्ह्यातल्या शेगावला जाऊ लागली. शेवटी १९४० साली गावाचे नावच बदलले. मोठ्या माणसाचे टपाल चुकले तर गाव नाव बदलते. आमच्या माणसाच्या नावात एक काना चुकला तर तीन पिढ्या प्रतिज्ञापत्रे करीत फिरतात.

सारख्या आवाजाची नावे ओळखण्याची विद्या शंभर वर्षांहून जुनी आहे. अमेरिकेत रॉबर्ट रसेल यांनी १९१८ साली तिचे पेटंट घेतले. पुढे ती 'साउंडेक्स' म्हणून प्रसिद्ध झाली. नावाचे पहिले इंग्रजी अक्षर ठेवायचे, पुढचे स्वर आणि एच, डब्ल्यू, वाय गाळायचे, उरलेल्या व्यंजनांना उच्चाराच्या जवळिकीप्रमाणे १ ते ६ अंक द्यायचे. एक अक्षर, तीन अंक, कमी पडल्यास शून्य. या हिशेबाने सेगाव आणि शेगाव दोघांचा संकेत एकच येतो, एस-२५०. सेवाग्रामचा येतो एस-२६५. टपालवाल्यांचा घोटाळा का झाला आणि का मिटला, ते यात दिसते.

या विद्येचा वापर कशासाठी झाला ते पाहा. १९३५ साली अमेरिकेत सामाजिक सुरक्षेचा कायदा झाला. वृद्धांना पेन्शनसाठी वयाचा पुरावा हवा होता आणि असंख्य लोकांकडे जन्माचा दाखलाच नव्हता. तेव्हा सरकारने १८८० च्या जनगणनेची सूची साउंडेक्सने करून घेतली. नोंदणाऱ्याने नाव कसेही लिहिलेले असो, घर सापडले पाहिजे. पुरावा शोधण्याचे ओझे तिथे सरकारने उचलले. आपल्याकडे जातप्रमाणपत्राचा २००० चा कायदा १८ ऑक्टोबर २००१ पासून लागू आहे. त्याचे कलम ८ सांगते, जात सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदाराची.

ठीक आहे, जबाबदारी आमची. पण कागद कोणी लिहिले? १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो. तेव्हा वर्धा मध्यप्रांतात होता. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात, कोतवाल पंजीत गुरुजींच्या किंवा कोतवालाच्या कानाला जे ऐकू आले ते उतरले. आमच्या निरक्षर आजोबांना ते वाचून दुरुस्त करता येणार नव्हते. कुठे महार, कुठे म्हार. वासनिकांचे स्पेलिंग कुठे 'डब्ल्यू'ने, कुठे 'व्ही'ने. वकिली करताना असे कागद नेहमी समोर येतात. संगणक एक अक्षर वेगळे दिसताच 'नाव जुळत नाही' म्हणून अर्ज परत करतो आणि शिष्यवृत्ती अडते.

साउंडेक्स आणून बसवला की प्रश्न सुटला, असेही नाही. तो पहिले अक्षर जसेच्या तसे ठेवतो, म्हणून 'डब्ल्यू'चे वासनिक आणि 'व्ही'चे वासनिक त्याच्या लेखी दोन कुटुंबे. उलट कांबळे आणि कुंबळे मात्र एकच, के-५१४! इंग्रजी उच्चारासाठी केलेले यंत्र आहे ते. मराठीसाठी ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, ळ-ल, श-स यांचे आपले नियम बसवावे लागतील. आणि यंत्राने फक्त 'ही नोंद याच माणसाची असू शकते' एवढे सुचवावे. निर्णय कागद पाहून माणसाने द्यावा.

खुद्द बाबासाहेबांचे नाव घ्या. गाव आंबडवे, त्यावरून आंबडवेकर. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत नोंद झाली ती आंबेडकर अशी. साउंडेक्स या दोन्हींना ए-५१३ देतो, जुळवतो. पण घराण्याचे आडनाव सकपाळ होते, ते कोणत्याच यंत्राला जुळणार नाही. तसेच आजोबांच्या दाखल्यावर महार आणि बापाच्या दाखल्यावर बौद्ध. इथे आवाजाचा काय संबंध? तो दुवा १९५६ च्या दीक्षेने आणि १९९० च्या कायदादुरुस्तीने दिला आहे. तो ओळखायला अधिकाऱ्याला इतिहास ठाऊक हवा.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. माणसाच्या नावाला जी सवलत आम्ही मागतो ती अनुसूचीतल्या नावाला लागू होत नाही. 'धनगड' ही 'धनगर'चीच लेखनचूक आहे, हा दावा मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ साली फेटाळला. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली मिलिंद प्रकरणात सांगितले आहे की अनुसूची जशी आहे तशीच वाचायची. बदल करायचा तर संसदेने. आमच्या अनुसूचीत 'महार, मेहरा, तराळ' अशी नावे छापलेली आहेत, म्हणून मेहरा लिहिलेला जुना कागद कामी येतो. आवाज जुळतो म्हणून नव्हे.

तेव्हा समितीपुढे आणि शिष्यवृत्तीच्या कार्यालयात मागणी एवढीच करावी : नाव न जुळल्यास अर्ज यंत्राने परत करू नये, तो अधिकाऱ्याकडे जावा, आणि नाकारायचा असेल तर कोणत्या दोन नोंदींत कोणते अक्षर वेगळे आहे ते लेखी द्यावे. पालकांनी मुलगा बारावीला जाण्याची वाट न पाहता शाळेतून आजोबांच्या नोंदीची प्रमाणित नक्कल आताच काढून ठेवावी. वंशावळीच्या प्रतिज्ञापत्रात नावाची सगळी रूपे, जशी लिहिली गेली तशी, नमूद करावीत. आणि जुन्या कागदावर नाव 'सुधारण्या'साठी कोणालाही पेन लावू देऊ नये. खाडाखोड झालेला खरा कागदही खोटा ठरतो.