तांब्याच्या गावातले आयरिश सूर

आयरिश संगीत म्हटलं की डब्लिन, बॉस्टन, न्यूयॉर्क आठवतात. मला मात्र अमेरिकेतल्या मोंटाना राज्याचं ब्यूट आठवतं. जेमतेम पस्तीस हजार वस्तीचं, तांब्याच्या खाणींवर उभं राहिलेलं शहर! अॅनाकोंडा ही तांब्याची खाण-कंपनी उभी करणारा मार्कस डेली स्वतः आयर्लंडच्या कॅव्हन परगण्यातला. आयर्लंडच्याच कॉर्क परगण्यातल्या अ‍ॅलिहीझच्या खाणी मंदावल्या तसे तिथले कामगारही इथे आले. १९०० च्या सुमारास दर चौघांतला एक ब्यूटकर आयरिश होता.

त्यांच्या एका वस्तीचं नाव डब्लिन गल्च. पुढे ब्यूटमधल्या आयरिश बँडने हेच नाव घेतलं. इतकं समर्पक नाव शोधूनही सापडलं नसतं. आयरिश संगीतात फिडल, टिन व्हिसल, अ‍ॅकॉर्डियन आणि बोरान नावाचं वाद्य असतं. बोरान म्हणजे साधारण आपल्या डफासारखं, बकऱ्याचं कातडं ताणलेलं. पण वाजवतात छोट्या काठीने.

फिलाडेल्फियाच्या ‘सोलास’ बँडचा २०१३ चा ‘शॅमरॉक सिटी’ हा अल्बम ब्यूटवरच आहे. बँडच्या शेमस ईगनचे एक पूर्वज इथे खाणकामगार होते. सुरुवात या अल्बमपासूनच करा, आणि हेडफोन लावूनच ऐका.