काचेवर उलटं लिहिलेलं नाव

काचेवर चित्र काढायचं म्हणजे सगळा कारभार उलटा. कागदावर डोळे आणि दागिने शेवटी येतात. काचेच्या मागच्या बाजूनं रंगवताना मात्र बुबुळं, भुवया, नथ सगळ्यांत आधी. मग चेहरा, मग लुगडं आणि अगदी शेवटी मागचं आकाश. जो रंग आधी लागला तो समोरून कायम पुढे. वर दुसरा थर बसला, की आधीच्या रेघेला हात लावता येत नाही.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात चिनी चित्रकार सातारा आणि म्हैसूर, दोन्ही दरबारांत अशी चित्रं करत होते. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात ती पाहायला मिळतात. माझं माहेर मराठी, सासर कानडी. त्यामुळे ही कला मला घरचीच वाटली!

गेल्या वर्षी दारासाठी काचेची पाटी करायला घेतली. आपल्या बेळगावात पाटी म्हणजे नुसती पाटी नसते, हे वाचकांना सांगायला नको. वरची ओळ कुठल्या भाषेत, यावरून इथं काय काय झालंय! घरात लेक एकीला आजी म्हणते, दुसरीला अज्जी. मग पाटीवर आधी कोण?

आडनाव दोन्ही लिपींत, पण अक्षरं एकमेकांत गुंतलेली, असं ठरवलं. काचेमागून लिहायचं म्हणजे आरशातल्यासारखं, उजवीकडून डावीकडे. वाटलं होतं, कानडीच छळणार. तलकट्टूचं वर जाणारं टोक उलट्या बाजूला वळवायचं होतं ना! झालं भलतंच. अडखळले ती देवनागरीत. तिथं हात आपोआप सरळ वळणावर जायचा. कानडी लग्नानंतर शिकले. ती अक्षरं मी अजून लिहीत नाही, काढते. म्हणून उलटी काढणंही तितकंसं जड गेलं नाही. माझी भाषा कुठली, हे शिरगणतीवाल्याला मी दर वेळी थांबून सांगते. हातानं मात्र लगेच सांगून टाकलं.

जिथं अक्षरं एकमेकांवरून जातात, तिथं एका ठिकाणी शिरोरेषा आधी रंगवली, पुढच्या ठिकाणी कानडी वेलांटी. त्यामुळे समोरून कधी ही वर, कधी ती.

सासूबाईंनी चष्मा लावून पाटी नीट पाहिली. म्हणाल्या, "छलो ऐति. पण अक्षर जरा मोठं पाहिजे होतं की."

कुठलं, ते त्यांनी सांगितलं नाही.